पिकू द्या की

सिग्नल हिरवा झाला आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवर बोट दाबून बसला की मला अजूनही आमचे सर आठवतात. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी विज्ञान. दर सहा महिन्यांनी एका दुपारी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून दवाखान्यात यायचे. मांडीवर रिपोर्टांची पिशवी, पिशवीवर छत्री आणि छत्रीवर दोन्ही हात. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या चौकात दिवा हिरवा व्हायचा, मी पाय उचलायची, तोच मागून शांत आवाज यायचा, "काय घाई हाय मॅडम? पिकू द्या की."

हिरवा दिवा पिकतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तरसुद्धा पिकू दिलं असतं. तोवर मागचे लोक हॉर्न वाजवून थकायचे, कडेनं शिव्या घालत पुढे जायचे, आणि दिवा पुन्हा लाल व्हायचा. मग सर समाधानानं म्हणायचे, "बघा, थांबायचं ते थांबायचंच होतं."

मी मुळात घाईची बाई. दूध उतू जाईल म्हणून आधीच गॅस बंद करते आणि नीट तापलं नाही म्हणून पुन्हा पेटवते. अशा बाईच्या गळ्यात हे गृहस्थ पडले ते दोनच कारणांनी. माझा विषय विज्ञान होता आणि माझ्याकडे स्कूटी होती. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची. "आज कुठं दौरा?" असं कुणीतरी विचारायचंच. सरांना चेष्टा कळायची, पण त्यावर बोलायला त्यांना इतका वेळ लागायचा की चेष्टा करणारा पुढच्या तासाला निघून गेलेला असायचा.

मुलांनी त्यांचं नाव 'लाल दिवा' ठेवलं होतं. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की मंगळवेढ्याची. पण थांबणं दोन्हीकडे सारखंच. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. एकदा त्यांच्या खिडकीवरून जाताना मी बघितलं. आपल्याकडे पाऊस कमी का पडतो, असं त्यांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं होतं. ती उभी, सर उभे, वर्ग गप्प. पुढच्या बाकावरची हुशार मंडळी हात वर करून करून दुखायला लागले म्हणून खाली घेत होती. घंटा झाली. सर हलले नाहीत. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात येऊन खोकले. शेवटी त्या मुलीनं काहीतरी उत्तर दिलं. ते चूक होतं. "चुकलं," सर म्हणाले, "पण तुझं तू काढलंस. बस." ती मुलगी बसली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला माझ्या घाईघाईच्या शिकवण्याची जरा लाजच वाटली.

हे सांगते ते अशासाठी की थांबणं म्हणजे सरांचा आळस होता, असं कुणी समजू नये. त्यांची त्यावर श्रद्धा होती. दिवाळीच्या सुमारास ते गावाकडची सीताफळं आणायचे आणि स्टाफरूमच्या कपाटात वर्तमानपत्राखाली झाकून ठेवायचे. ते सांगतील तेव्हाच कागद उघडायचा. कधी ती फळं इतकी सुरेख निघायची की चेष्टा करणारेही बिया वाटीत टाकत गप्प व्हायचे. कधी कागद उचलला की खाली नुसता लगदा आणि मुंग्या. सर म्हणायचे, "जरा चुकलं." पुढच्या वर्षी पुन्हा कपाट, पुन्हा कागद.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्यांच्या हातची शेंगाची चटणी अख्ख्या शाळेत प्रसिद्ध होती. काकू एकदा म्हणाल्या, "मला बघायला आलते तवा पोहे खाल्ले, पाणी प्याले, आन् विचार करून सांगतो म्हणून गेले. वरीसभर पत्ता न्हाय. माज्या वडलांनी दुसरीकडं बोलणी लावली, तवा हे सायकलवर आले की धापा टाकत." सर शेजारीच बसलेले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आलो का न्हाय पण?"

आता दवाखान्याचं. तरुणपणी सरांच्या एसटीला अपघात झाला होता, पाय मोडला होता, आणि तेव्हा त्यांना रक्ताच्या बाटल्या चढवल्या होत्या. पाय बरा झाला आणि सर ते सगळं विसरून गेले. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या शाळेत रक्तदान शिबिर झालं. सरांनी रक्त दिलं, बिस्कीट खाल्लं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की येऊन भेटा. त्या जुन्या बाटलीतून हिपॅटायटिस सीचा विषाणू अंगात आला होता आणि इतकी वर्षं यकृतात मुक्काम करून होता. दुखणं नाही, खुपणं नाही. यकृत तसं सोशिक असतं, खूप बिघडेपर्यंत तक्रार करत नाही. हे मी दर वर्षी दहावीला शिकवते, पण समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या पोटात ते चाललंय हे कळलं तेव्हा मी घरी जाऊन तो धडा पुन्हा वाचला.

दुसरा कुणी असता तर त्यानं ही गोष्ट लपवली असती. यकृताचा आजार म्हटला की लोकांना बाटलीच दिसते, आणि ती रक्ताची नसते. सरांनी स्टाफरूममध्ये उभं राहून सांगितलं, "लिव्हरचं दुखणं हाय. मी पीत न्हाय, तुमाला म्हाईत हाय. रक्तातनं आलंय. कुणाला काय इचारायचं आसंल तर आत्ताच इचारा." कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र शिपाईमामा त्यांचा चहा वेगळ्या कपात आणू लागले. तिसऱ्या दिवशी मी तो कप उचलला आणि सगळ्यांदेखत त्यातला चहा पिऊन टाकला. कपातून, ताटातून, हात हातात घेतल्यानं हा आजार पसरत नाही, असं जरा चढ्या आवाजात सांगितलंही. सर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, त्यो चहा माझा होता." त्या दिवसापासून आमची दोस्ती.

पहिले डॉक्टर म्हातारे होते. सरांसारखेच संथ. त्या काळी या आजारावर आठवड्याच्या आठवड्याला टोचायची इंजेक्शनं होती, ती वर्षभर. ताप यायचा, केस जायचे, माणूस उदास व्हायचा, आणि एवढं करून गुण येईलच असं नव्हतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "तुमचं यकृत अजून चांगलं आहे. नवीन गोळ्या येऊ घातल्यात. घाई करायची नाही. सहा महिन्यांनी तपासत राहायचं, लक्ष ठेवायचं." घाई करायची नाही, असं एका डॉक्टरनं सरांना सांगितलं! माणसाला आयुष्यभर स्वतःबद्दल जे वाटत आलेलं असतं त्यावर शिक्कामोर्तब झाल्यावर जसं होईल, तसे सर दवाखान्याबाहेर पडले. म्हणाले, "पयला डॉक्टर भेटला मला, ज्याला कळतं."

तेव्हापासून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सर त्याला 'मीटर वाचायला जाणं' म्हणायचे. रक्त द्यायचं, सोनोग्राफी करायची, रिपोर्ट आला की मी वाचून दाखवायचा. सरांना त्यातला एकच आकडा पाठ होता, यकृताच्या एन्झाइमचा. तो नेहमी थोडासा जास्त असायचा, पण फार नाही. "तितंच हाय?" ते विचारायचे. तिथंच असायचा. मग वाटेत आम्ही उसाचा रस प्यायचो. त्यांनी वाट बघायची आणि यकृतानं जागचं हलायचं नाही, असा त्या दोघांत काही करार झाल्यासारखं चाललं होतं. आणि मी हे प्रामाणिकपणे सांगते, त्या वर्षांत त्यांचं थांबणं बरोबरच होतं.

मग गोळ्या आल्या. त्याच सुमारास म्हातारे डॉक्टर वारले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसू लागल्या. त्यांच्याकडे एक नवं मशीन होतं. बरगड्यांवर एक नळकांडं टेकवायचं, ते आत बारीक ठोका देतं आणि यकृत किती कडक झालंय ते सांगतं. सर टेबलावर आडवे पडून म्हणाले, "म्हंजे आमी ज्वारीचा दाणा नखानं दाबून बघतो, तसंच की." बाई हसल्या. पण आकडा बघून त्यांचं हसू गेलं.

"सर, आता थांबायचं कारण संपलंय," त्या म्हणाल्या. "तीन महिने रोज गोळी घ्यायची. इंजेक्शन नाही, ताप नाही. सरकारी दवाखान्यातून मिळतात. बहुतेक सगळे बरे होतात."

"पण रक्तातला आकडा तर तितंच हाय की मॅडम."

"तो आकडा आजचा आहे. आतला व्रण इतक्या वर्षांचा आहे. तो वाढतोय."

सरांनी रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "बघू. पिकू द्या जरा."

बाहेर आल्यावर मी भडकले. रस्त्यात उभी राहून भांडले. सर छत्रीच्या मुठीवर हात ठेवून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, ज्यांनी थांब म्हटलं, त्यांनीच आता चल म्हणायचं असतं. ते तर गेले. ह्या पोरीला काय म्हाईत, त्यांच्या मनात काय होतं?"

मेलेल्या डॉक्टरची परवानगी मी कुठून आणणार होते?

दोन वर्षं हे असंच गेलं. मशीनचा आकडा दर वेळी थोडा वर सरकायचा. बाई दर वेळी सांगायच्या, सर दर वेळी तपासायला मात्र नेमानं यायचे. एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. आपण लक्ष ठेवून आहोत, म्हणजे काहीतरी करतोच आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. एकदा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. कडक भाकरी डब्यात भरता भरता म्हणाल्या, "तुमी सांगा की ह्यांला. तुमचं ऐकत्यात." मी म्हटलं, "माझं कुठं ऐकतायत, काकू?" त्यांचे हात थांबले. "मला ह्यांच्यासंगट म्हातारं व्हायचंय," त्या म्हणाल्या, "दुसरं काय बी नको." मला रडू आलं. बाहेर सर शांतपणे पेपर वाचत होते, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की चहा न घेताच मी निघाले.

सरांचं शेत मंगळवेढ्याकडं, काळ्या रानात. थोरले भाऊ ते बघायचे. ज्वारीत ते एक पट्टा खास हुरड्याचा पेरायचे आणि दर वर्षी संक्रांतीच्या पुढे-मागे सर सगळ्या शाळेला घरच्यांसकट हुरड्याला बोलवायचे. ज्यांनी हुरडा खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारीचा दाणा कोवळा असताना नखानं दाबला तर दुधासारखा चीक येतो. पुढे तो भरतो, मऊ, गोड होतो. तोच हुरडा. आणखी चार दिवस गेले की दाणा टणक होतो, मग तो दळायचा, भाजून खायचा नाही. मधले दिवस फार थोडे असतात. ते दिवस नेमके ओळखण्याबद्दल सरांना मोठा मान होता. ते आधी एकटे जाऊन यायचे, कणसाकणसातले दाणे दाबून बघायचे, आणि स्टाफरूममध्ये येऊन जाहीर करायचे, "या रविवारी."

त्या वर्षी भावाचा फोन आला, झालाय, बोलाव. सर गेले, बघून आले. म्हणाले, "आजून जरा. पुढच्या रविवारी." त्यांना गेल्या वर्षीपेक्षा सरस हुरडा खायला घालायचा होता. मधल्या आठवड्यात थंडी एकाएकी गेली, ऊन तापलं. सर शाळा सुटली की एसटीनं जायचे, अंधारात परत यायचे. रोज बघत होते. अजून जरा, अजून जरा.

रविवारी आम्ही दोन जीप भरून गेलो. आगटी पेटली होती, गोवऱ्यांचे निखारे लाल झाले होते. काकूंनी चटणी, गूळ, दही, खोबरं मांडून ठेवलं होतं. भाऊ कणसं भाजून देऊ लागले, आणि सर दर वर्षीप्रमाणे पोत्यावर बसून गरम कणीस तळहातात चोळू लागले. दाणे पडायला लागले. पडताना आवाज आला. हुरडा पडताना आवाज होत नाही. मी चार दाणे तोंडात टाकले, दात लागेना. मुलांनी थुंकून टाकले. मुख्याध्यापक भल्या माणसासारखे चावत राहिले आणि "छान आहे" म्हणाले.

सरांनी दुसरं कणीस घेतलं. तिसरं घेतलं. तळहात लाल झाले तरी चोळत राहिले. शेवटी भावानं त्यांच्या हातातलं कणीस काढून घेतलं.

"म्या सांगितलं नव्हतं तुला, झालाय म्हणून?"

"मी रोज येऊन बघत होतो की आण्णा," सर म्हणाले. लहान मुलासारखं म्हणाले.

"आरं, तू बघितलंस म्हणून दाणा थांबतोय व्हय?"

भाऊ रागानं बोलले नव्हते. त्यांना ज्वारीखेरीज काही ठाऊकही नव्हतं, कारण सरांनी गावाकडं आजाराचं कळवलंच नव्हतं. पण सर जेवायला उठले नाहीत. आम्ही चटणी-भाकरी खाल्ली, बोरं खाल्ली, मुलं उसाकडं पळाली. सर आगटीजवळ बसून एकच टणक दाणा बोटांत फिरवत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घाई केली नाही. शेजारी बसून राहिले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये ते माझ्या मागच्या बाकावर होते. सोलापूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा पुढे वाकून म्हणाले, "मॅडम, त्या डॉक्टरीणबाई उद्या आसत्यात का?"

सोमवारी आम्ही गेलो. सात रस्त्याला दिवा हिरवा झाला. मी सवयीनं थांबून राहिले. मागून आवाज आला, "चला की."

गोळ्या सुरू झाल्या. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की सर गोळी घ्यायचे, आणि शिपाईमामा स्वतः पाण्याचा पेला घेऊन उभे राहायचे. तीन महिने संपले, आणखी तीन महिने थांबून पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट मी वाचला. विषाणू नाही. मी मोठ्यानं ओरडलेच. काकूंनी दवाखान्यातच पदर डोळ्यांना लावला. सर मात्र डॉक्टरीणबाईंकडे बघत होते.

"आन् कडक झालंय ते?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "थोडं मऊ होईल, हळूहळू. सगळं नाही. तेवढ्यासाठी सहा महिन्यांनी सोनोग्राफीला यावं लागेल. कायम."

"दोन वर्सांमागं आलो असतो तर?"

बाईंनी फाइल उघडून दोन वर्षांपूर्वीचा आकडा त्यांच्यापुढे धरला. सरांनी मान हलवली. "आसू द्या," म्हणाले, "तुमी सांगत होता. मी बघत बसलो."

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि काकूंना घेऊन गावाकडं राहायला गेले. सोनोग्राफीला सोलापुरात येतात, अजूनही माझ्याच स्कूटीवर. आणि हुरड्याला अजूनही बोलवतात. फक्त एक फरक पडलाय. आता बोलावणं फार लवकर येतं.

परवाही आम्ही गेलो तर दाणा चिकात होता. कणीस चोळलं की हाताला खळ लागल्यासारखं व्हायचं, दाणे एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा. भाऊ आगटीजवळ कुरकुरत होते, "कवळा हाय रं आजून. आठ दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" काकू मला हळूच म्हणाल्या, "आता ह्यांला थांबवतच न्हाय." आणि हसल्या. केस पांढरे झालेत त्यांचे. सरांचेही.

पिकू द्या की सर, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. इतक्या वर्षांचा सूड घ्यायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. पण सरांनी तो चिकट गोळा तळहातावर घेऊन हात माझ्यापुढे केला होता.

"खावा मॅडम," ते म्हणाले. "थांबू नका."

मी खाल्ला. कच्चा होता, पण दुधासारखा गोड होता.